एवढं होऊन ती परत का जाते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नात जेवणाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसल्यावर, महिला दिनाच्या कार्यक्रमात भाषण संपल्यावर, कुठेही हा प्रश्न येतोच. ‘ताई, एवढा मार खाऊन बाहेर पडली, तुमच्यापर्यंत आली, मग परत त्याच्याकडेच का गेली? आणि तुम्ही तरी तिला जाऊ कशा देता?’ विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. बहुतेकदा ती बाई त्यांच्या ओळखीची असते आणि त्यांना मनापासून वाईट वाटलेलं असतं.

दापोली-गुहागरच्या किनारपट्टीत मी अशा बायकांच्या सोबतीचं काम करते. पोलीस ठाण्यात शेजारी बसायचं, तालुक्याच्या कोर्टात तारखेला जायचं, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायचा आणि बराचसा वेळ ऐकायचं.

एका बाईचं सांगते. नाव, गाव सांगणार नाही. बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि टोपली डोक्यावर घेऊन वाडी-वाडीत विकायची, असा तिचा धंदा. नवरा बोटीवर खलाशी. मारायचा तो वर्षभर, पण जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, हातात पैसा नसतो आणि माणूस चोवीस तास घरात, तेव्हा मार वाढायचा. मासळी विकून आलेले पैसे तो दारातच मोजून घ्यायचा. एकदा तिची करंगळी मोडली. दवाखान्यात तिने सांगितलं, विळीवर पडले. त्या रात्री मुलीला घेऊन ती भावाकडे गेली.

भाऊ वाईट नव्हता. वहिनीनेही पहिल्या दिवशी गरम पाणी काढून दिलं, जवळ बसली. पण भाऊ पहिलं वाक्य बोलला ते असं: ‘चार दिवस राहा, मग मी सोडायला येतो.’ शिमगा तोंडावर आला होता, पालखी घरी यायची होती आणि बहीण अशी घरात बसलेली बरी दिसत नाही, असं त्याला वाटत होतं. आठवडा व्हायच्या आत दीर आणि वाडीतली दोन जाणती माणसं आली. ओटीवर बैठक बसली. नवऱ्याला दोन शब्द सुनावले, त्याने कानाला हात लावला, पुन्हा असं होणार नाही म्हणाला. बैठकीत एकही बाई नव्हती. तिला परत पाठवायचं ओटीवर ठरत होतं आणि ती आत चुलीपाशी त्याच माणसांसाठी चहा करत होती. तिला कुणी विचारलं नाही. संध्याकाळच्या एसटीने ती गेली.

आता सांगा, ती परत गेली की तिला परत पाठवली?

माझं उत्तर या प्रसंगात आहे. बाई नवऱ्याकडे परत जाते तेव्हा तिच्या मनाचा दुबळेपणा शोधण्याआधी तिच्या माहेरचं दार बघा. मारणारा सासरी असतो हे खरंच, त्याचा गुन्हा त्याच्याच माथी. पण मार किती वर्षं चालेल, हे पुष्कळदा माहेरच्या ओटीवर ठरतं. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून पाठवलेल्या मुलीला ते घर सुखाचं नसेल तर कुठे यायचं, हे आपण सांगितलेलंच नसतं. बाहेर पडलेली प्रत्येक बाई आधीच थोड्यांपैकी असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या होत्या अवघ्या 14 टक्के. म्हणजे जी दारात आली, तिने किती मोठा पल्ला गाठलाय ते लक्षात घ्या. आणि तिला आपण चार दिवसांची मुदत देतो.

इथे एक विषय काढते, तो काही जणांना आवडणार नाही. हक्कसोडपत्राचा.

आपल्याकडे बाप गेला की वारसनोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढतात. मग कधीतरी आंब्याच्या कलमांच्या जागेला गिऱ्हाईक येतं, किंवा भावाला घर बांधायचं असतं, आणि बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बोलावणं जातं. त्या नवी साडी नेसून येतात, विनामोबदला हक्कसोडपत्रावर सही करतात, बाहेर सगळे मिळून वडा-चहा घेतात. फेरफार होतो, नाव कमी होतं. सही का केलीस असं कुणाही बहिणीला विचारा. ‘माहेर तुटू नये म्हणून.’ माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांनी हेच उत्तर दिलंय. माहेर राहावं म्हणून सही केली आणि गरज पडली तेव्हा त्या घरात पाहुणी ठरली. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. हा कायदा लोक जमिनीच्या भावावरून वाचतात. मी तो मारहाणीच्या बाजूने वाचते. ज्या घरात स्वतःची एक खोली कागदावर आहे, तिथे जायला बाईला भावाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आणि तिला जायला जागा आहे, हे नवऱ्यालाही ठाऊक असतं.

भावाची बाजूही मला कळते. वाडीच्या विरोधात जाणं सोपं नसतं. बैठकीचा शब्द मोडला तर उद्या लग्नाला, मयताला कोण येणार? वाळीत टाकणं ही आपल्या किनाऱ्याची जुनी दहशत आहे. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं तेव्हा दापोली तालुक्यातल्या त्यांच्याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि झळ घरच्या माणसांनाही लागली. गोदूबाईंना त्याआधी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात आसरा आणि शिक्षण मिळालं होतं. घराबाहेर एक छप्पर मिळालं म्हणून त्या बाईचं आयुष्य पुढे सरकलं. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला तोही छपराचाच विचार करून, असं मला नेहमी वाटतं. त्या काळी वाळीत टाकणाऱ्यांविरुद्ध भांडायला काही हत्यार नव्हतं. आज महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. 2016 चा हा कायदा 2017 मध्ये लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बहिणीला ठेवून घेतली म्हणून वाडीने पाणी तोडलं, कार्याला बोलावणं बंद केलं, तर भावाला पोलिसांकडे जाता येतं. हे भावांना कुणी सांगत नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. मी तिला जाऊ कशी देते?

ती मोठी बाई आहे, तिच्या आयुष्याचा निर्णय तिचा. नवरा तिला हुकूम सोडतो, दीर सोडतो, भाऊ सोडतो. त्यात मी आणखी एक हुकूम सोडणारी होणार नाही. शिवाय घर सोडण्याची वेळ सगळ्यात धोक्याची असते. आता ही हातातून जाते असं दिसलं की मारणारा अधिक चवताळतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलंय. तयारी नसताना ‘नीघ, नीघ’ म्हणून तिच्या मागे लागणारी माणसं संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला जातात आणि ती एकटी त्याच्यासमोर उरते. म्हणून ती परत जाणार म्हणाली, की मी एकच बघते: या वेळी ती काय घेऊन परत जातेय?

त्या मासळीवाल्या बाईचंच बघा. पहिल्यांदा ती रिकाम्या हाताने परत गेली होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा दोन दिवसच राहिली, पण त्या दोन दिवसांत आम्ही पुष्कळ कामं उरकली. आधार, रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला, लग्नाची नोंद, सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या. मूळ कागद तिने नंतर एकेक करून तांदळाच्या डब्यातून बाहेर काढले आणि तिच्यासोबत मासळी विकणाऱ्या मैत्रिणीकडे ठेवले. बँकेत स्वतःचं खातं उघडलं, पासबुकही मैत्रिणीकडेच. शेजारच्या काकींशी बोलून ठेवलं: रात्री मुलगी मीठ मागायला आली की काही विचारायचं नाही, तिला आत घ्यायचं आणि 112 लावायचा. काकी साठीच्या पुढच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणाऱ्या. पण मोबाइलवर 112 लावायला त्या नातवाकडून शिकल्या. दवाखान्यात या वेळी तिने खरं सांगितलं आणि डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. तो कागद पुढे कोर्टात उपयोगी पडला.

मुलगी मीठ मागायला गेली ती पुढच्या पावसाळ्यात. पोलीस आले. तिसऱ्यांदा बाहेर पडताना बाईजवळ पिशवी तयार होती, एसटीला बायकांना अर्धं तिकीट असतं त्यामुळे भाड्यापुरते पैसेही होते, आणि मुख्य म्हणजे आपण कुठे जातोय हे तिला माहीत होतं.

तिथून पुढे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने आम्ही गेलो. या कायद्याबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, की तक्रार केली की संसार मोडलाच, नवरा तुरुंगातच. तसं नाही. हा मुळात संरक्षण मागायचा कायदा आहे. मारू नको, तिच्या कामाच्या जागी जाऊ नको, घरातून काढू नको, खर्चाला पैसे दे, असे आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. आदेश मोडला तर मात्र वर्षापर्यंत कैद. शिव्या, धमक्या, पैसे काढून घेणं, कमाईला हात लावू न देणं हेही त्यात हिंसाच धरलंय. दारात मोजून घेतलेले मासळीचे पैसे त्यात आले. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती संसार करून राहिलेल्या घरात तिला राहायचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय. अर्ज तिला थेट मॅजिस्ट्रेटकडेही करता येतो, किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. हा महिला व बालविकास विभागाचा माणूस, किंवा बाई. घटनेचा अहवाल ते लिहून घेतात. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही सांगून ठेवते, म्हणजे दुसऱ्या तारखेलाच धीर सुटायचा नाही. तातडीचा अंतरिम आदेश मात्र आधी मागता येतो.

आपल्या कोकणासाठी यात एक फार कामाची गोष्ट आहे. कितीतरी घरांत नवरा मुंबईला, बायको कधी तिकडे कधी इकडे. मारहाण नालासोपाऱ्याच्या खोलीत होते आणि ती येते गुहागरला आईकडे. तिला वाटतं, आता केस तिकडेच करावी लागणार, कोण जाणार हेलपाटे घालायला. पण या कायद्याखाली ती जिथे तात्पुरती राहतेय तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. आणि नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा, म्हणजे पूर्वीच्या 498-अ चा गुन्हा, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आहे, तोही आसऱ्याला आलेल्या ठिकाणी नोंदवता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल आहे. म्हणजे इथेही पुन्हा माहेरच. ते चार दिवसांऐवजी चार महिने उघडं राहिलं, तर कायदा तिथपर्यंत पोचतो.

ती मासळीवाली बाई आज सासरच्या त्याच घरात राहते. नवऱ्याला तिच्या अंगावर हात टाकायला आणि तिच्या धंद्याच्या जागी यायला मनाई आहे. तो बंदरावर मालकाच्या खोलीत राहतो आणि महिन्याचे पैसे कधी देतो, कधी आम्हाला पुन्हा कोर्टात जावं लागतं. सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. मुलगी अजून दाराची कडी वाजली की दचकते. पण टोपली विकून आलेले पैसे बाई स्वतः मोजते. आणि भाऊ तिसऱ्या वेळी ‘सोडायला येतो’ म्हणाला नाही. त्याची मजल तेवढीच गेली, आणि तेवढ्याने खूप काम झालं.

तुमच्या घरात असा फोन आला, तर काय झालं, का झालं, तुझंही काही चुकलं असेल, हे काहीही बोलू नका. ‘आत्ता तू सुरक्षित आहेस का?’ एवढं विचारा. मारहाण चालू असेल तर 112. सल्ला हवा असेल, आसरा शोधायचा असेल तर 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. सरकारचं सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे काही दिवस राहायची सोय होते. वकील फुकट मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 लावा. ती आली तर तिला किती दिवस राहणार विचारू नका. बैठक बसायचीच असेल तर ती बाई स्वतः ओटीवर, सगळ्यांसमोर, आणि तिच्या शेजारी तिच्या बाजूने बोलणारी बाई बसलेली असू दे. ती नको म्हणाली तर बैठक नाही. परत जाते म्हणाली तर फोन चालू ठेवा, आणि दार उघडं आहे हे तिला निघताना तोंडाने सांगा. मनात असून भागत नाही.

आणि येत्या मे महिन्यात सगळे गावाला जमतील तेव्हा तुमच्या घरी हक्कसोडपत्राच्या सह्या ठरल्या असतील, तर निबंधकाकडची ती तारीख आत्ताच रद्द करा.