सातवा आवाज

"दोन किल्ल्या हरवल्यात, गच्चीची कधी नव्हतीच, आणि कोठीची आहे ती लागत नाही." वाड्याचे मालक असलेल्या काकांनी मला, किल्लीवाल्याला, फोनवर एवढंच सांगितलं. किल्ली हरवलेलं कुलूप परवडतं. किल्ली असून न लागणारं कुलूप दिवस खातं, म्हणून त्या दिवशी मी दुसरं काम घेतलं नाही.

जानेवारीची सकाळ, पुण्याच्या कसब्यातला वाडा. पुढच्या आठवड्यात तो पाडायला जाणार होता आणि वीज आधीच तोडलेली. बरोबर इंजिनिअरिंगचा एक पोरगा होता. त्याला कुलपं उघडण्याचा छंद आहे. घरी पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुलपापासून सुरुवात करून आता तो सहा पिनांपर्यंत आलाय. या छंदाचे दोन नियम सगळीकडे पाळले जातात: कुलूप आपलं असावं आणि ते वापरात नसावं. दुसरा नियम लोकांना जाचक वाटतो, पण त्याला कारण आहे. आकड्याचं, म्हणजे कुलूप उघडायच्या बाकदार पट्टीचं, टोक आत मोडलं किंवा स्प्रिंग जागची हलली, तर उद्या घरमालक स्वतःची किल्ली असूनही दाराबाहेर राहतो. धंद्यात हा नियम मोडावाच लागतो, म्हणून पहिल्या नियमाबाबत मी जास्त कडक असतो. इंडेक्स टू (मालकीच्या नोंदणीचा उतारा), काकांचं आधार आणि कोणती खोली कुणाच्या ताब्यात आहे त्याचा कागद पाहिला. वरच्या मजल्यावर एका भाडेकरूचं कुलूप होतं. "तेही बघता का?" असं काकांनी विचारलं. मालकी काकांची असली तरी ताबा भाडेकरूचा होता. त्या कुलपाला हात लावला नाही.

पुढच्या दाराचा लॅच पोराला दिला. पाच पिनांचं सिलिंडर. यात प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक असतात, आणि वरून स्प्रिंग. किल्लीचे दाते सगळ्या जोड्यांचे सांधे आतला फिरता गाभा आणि बाहेरचं कवच यांच्या मधल्या फटीवर आणतात आणि गाभा फिरतो. किल्लीशिवाय हे जमतं, कारण पाच भोकं कधीच अगदी एका रेषेत पडलेली नसतात. फरक मिलिमीटरच्या शतांशात असतो, पण असतो. गाभ्याला हलका पीळ दिला की पाचही पिना एकदम अडत नाहीत, एकच अडते. ती आकड्यानं वर सारली की गाभा केसभर फिरतो आणि पुढची अडते. चांगल्या कंपनीचं कुलूप अवघड जातं ते भोकं जास्त सरळ पाडलेली असल्यामुळे.

पीळ किती द्यायचा यावर नवे लोक हमखास अडतात. वहीचं पान उलटायला जितकं बोट लावतो, तितकाच पुरतो. जास्त दिला तर सगळ्या पिना आवळल्या जातात आणि कोणती अडलीय ते कळत नाही. आकडा अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा घेतला, कारण भोक अरुंद आणि नागमोडी होतं. पोरानं तिसरी, पहिली, पाचवी बसवली आणि गाभा एकदम चार-पाच अंश फिरून थांबला. त्याचा चेहरा उजळला, पण हा खोटा टप्पा होता. वरच्या पिनांपैकी काहींना मध्ये कंबर काढलेली असते, दोऱ्याच्या रिळासारखी. त्या कमरेत गाभा अडकतो आणि उघडल्यासारखा भासतो. अशी पिन वर ढकलली की गाभा उलटा फिरू पाहतो आणि त्याला तेवढं फिरू द्यावं लागतं. पोरानं घाबरून पीळ धरून ठेवला, वर जोर लावला आणि खालची पिनच फटीच्या वर गेली. आता ती खाली ओढायला काही साधन नाही, पीळ सोडण्यावाचून इलाज नाही.

"सोड, पण झटक्यात नको," मी म्हटलं. "कान लाव आणि मोज." हळूहळू ढील दिली की पिना एकेक करून खाली येतात आणि प्रत्येकीचा बारीक टक् ऐकू येतो. चार आवाज भराभर आले, पाचवा अगदी शेवटी. जास्त वर गेलेली पिन घट्ट धरलेली असते, ती बहुधा शेवटीच सुटते. चौथ्या भोकातली होती. पुढच्या खेपेला त्यानं चौथीला जपून हात लावला आणि लॅच उघडला. एकूण अकरा मिनिटं. गाभा अर्धा फिरताना आकडा आत आडवा ठेवायला विसरू नये, नाहीतर वरच्या पिना किल्लीच्या भोकाच्या तळातून आत घसरतात आणि गाभा तिथेच अडतो.

टेबलाच्या ड्रॉवरला पत्र्याच्या चकत्यांचं कुलूप होतं. दातेरी आकडा चार वेळा मागेपुढे केला, उघडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कोठीची खोली चौकाच्या सावलीतल्या बाजूला होती. दार सागवानी, जुना नक्षीचा कोयंडा आतून रिपिट मारून पक्का केलेला, आणि त्याला सात लिव्हरचं भक्कम पितळी अलिगढी कुलूप. दार आणि कुलूप दोन्ही जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला जायचं होतं, त्यामुळे कापाकापी बंद. किल्ली बरोबर बसत होती. पाव फेरा फिरून थांबायची. काका म्हणाले, "दिवाळीत लागत होती हो. तेव्हा जरा करकरत होती म्हणून तेलसुद्धा सोडलं होतं." कोणतं तेल, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

पाव फेऱ्यावर अडलेल्या किल्लीला जोर लावायचा नाही. पितळी किल्ली पिळवटते आणि मोडली तर तुकडा भोकात राहतो. म्हणून पोरगा आकड्यानं बघू लागला.

लिव्हरच्या कुलपाचं आतलं काम वेगळं. पानांच्या गड्डीसारख्या सात पट्ट्या एकावर एक असतात. सगळ्या एकाच खिळ्यावर फिरतात आणि प्रत्येकीला स्वतःची स्प्रिंग असते. प्रत्येक पट्टीला एक खाच, आणि बोल्टला एक खुंटी. सातही खाचा एका ओळीत आल्या की खुंटी त्यांतून सरकते आणि बोल्ट मागे जातो. या किल्लीला आठ दाते होते: सात लिव्हरचे, एक बोल्ट ओढणारा. पिनांच्या कुलपापेक्षा इथे मोठा फरक हा की लिव्हर कमी उचललेली चालत नाही, तशी जास्त उचललेलीही चालत नाही. खुंटी खाचेच्या वरच्या नाहीतर खालच्या काठाला आपटते. हत्यारही दुहेरी लागतं. वाकवलेली एक जाड तार बोल्टवर दाब ठेवते, दुसरी बारीक तार तिच्या आधारानं एकेक लिव्हर उचलते. दाब पिनांच्या कुलपाच्या कितीतरी पट लागतो, कारण स्प्रिंगा कडक असतात.

चाळीस मिनिटं गेली. पोरगा म्हणत होता, "सातही बसल्यात. चौथी तर हलतसुद्धा नाही, एकदम पक्की बसलीय." तरी बोल्ट जाईना. त्याचा अंदाज खोट्या खाचांचा होता. चांगल्या कुलपात लिव्हरच्या काठावर मुद्दाम उथळ खाचा पाडतात, तेव्हा तर्क गैर नव्हता. पण चौथी "हलतसुद्धा नाही" हे मला खटकलं. खाचेत बसलेल्या लिव्हरला थोडा खुळखुळाट असतो. मी त्याला दाब हळूहळू सोडायला सांगितलं आणि कुलपाला कान लावला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुन्हा केलं. सहाच. एक लिव्हर खाली येतच नव्हती. बसलेली लिव्हर आणि अडकलेली लिव्हर, दाब असताना नवख्या हाताला सारख्याच लागतात. दाब सोडल्यावरच त्यांतला फरक कळतो.

खात्री करायला किल्ली मेणबत्तीवर धरून तिला काजळी चढवली. आत घातली, थांबेपर्यंत हलकेच फिरवली, परत आणून सरळ बाहेर काढली. सात दात्यांवरची काजळी घासली गेली होती. पुढून चौथ्या लिव्हरच्या दात्यावरची जशीच्या तशी. म्हणजे किल्ली त्या लिव्हरला शिवतच नव्हती. ती मागच्या वेळी उचलली गेली ती वरच राहिली होती.

"तेल कोणतं घातलंत?" आता विचारलं.

"खोबरेल. घरात तेच असतं."

खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. दिवाळीत ते पातळ होतं, म्हणून किल्ली सुरसुर फिरली. जानेवारीत पुण्याची सकाळ दहा-बारा अंशांवर येते, आणि सावलीतलं पितळ दुपारपर्यंत गार राहतं. तेल, धूळ आणि पितळाची पूड यांचा आत लोण्यासारखा गोळा झाला होता. आंघोळीच्या आधी बाटली ऊन पाण्यात ठेवणारी माणसं तेच तेल कुलपात सोडतात, हे मी दर हिवाळ्यात पाहतो.

गंमत म्हणजे कुलपात हा प्रकार मुद्दाम करायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये जेरेमाया चब यानं 1818 मध्ये जे डिटेक्टर कुलूप काढलं, त्यात कुणी लिव्हर जास्त उचलली की एक पकड तिला वरच धरून ठेवायची. मग मालकाची खरी किल्लीही चालायची नाही आणि कुणीतरी हात लावलाय हे मालकाला कळायचं. ते 1851 मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं लंडनमध्ये सुमारे 25 मिनिटांत उघडलं. जोसेफ ब्रामा या दुसऱ्या इंग्रज कारागिराच्या कुलपाला त्यालाच 51 तास लागले, सोळा दिवसांत वाटून. काकांनी खोबरेलावर डिटेक्टर बनवला होता, फक्त पकड सोडवायची सोय नव्हती.

अडकलेली लिव्हर आकड्यानं खाली ओढता येत नाही. किल्लीचं भोक लिव्हरींच्या पोटाखाली असतं, वरच्या काठापर्यंत तार पोचत नाही. पोरानं अडकलेले भाग सोडवायच्या स्प्रेचा डबा काढला. त्यानं काम झालंही असतं कदाचित, पण थिजलेल्या चरबीत तो सावकाश मुरतो आणि वितळलेला काळा राडा सागवानावर ओघळतो. वीज नसल्यानं केस वाळवायचं यंत्रही निरुपयोगी. शेवटी काकूंची गुडघे शेकायची रबरी पिशवी आली, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आलं. कुलपामागे जाड फडकं सरकवलं, पिशवी पुढून बांधली, वर टॉवेल गुंडाळला आणि वीस मिनिटं थांबलो. पितळ उष्णता चटकन आत नेतं, हा इथे फायदा.

टॉवेल सोडून लाकडी मोगरीनं कुलपाच्या कडेला दोन हलके ठोके दिले. दुसऱ्या ठोक्याला आत टक् झालं. तो सातवा आवाज. पोराला म्हटलं, किल्ली घाल, पण सावकाश फिरव. कारण लिव्हर नुसतं तेल थिजल्यानं वर राहिली असेल यावर माझा विश्वास नव्हता. चांगली स्प्रिंग एवढा गोळा दाबून खाली आली असती. स्प्रिंग मेलेली असेल तर झटक्यानं फिरवलेली किल्ली लिव्हरला वर उडवते आणि ती परत तिथेच चिकटते. त्यानं तीन-चार सेकंद घेऊन फेरा पूर्ण केला. दांडी वर उसळली.

चौकातल्या उन्हात बसून कुलूप खोललं. चौथ्या लिव्हरची पट्टी-स्प्रिंग मुळाशी तुटली होती. लिव्हर केवळ स्वतःच्या वजनानं खाली येत होती, आणि उन्हाळाभर तेवढं पुरत होतं. सातही लिव्हर क्रमानं कागदावर मांडल्या. क्रम चुकला तर किल्ली कायमची परकी होते. सगळं रॉकेलमध्ये धुऊन कोरडं पुसलं, फॉस्फर ब्राँझच्या पट्टीतून नवी स्प्रिंग कापून बसवली आणि सहा बी पेन्सिलीच्या शिशाची पूड चिमूटभर टाकली. शिसं टाकायचं तर तेलाचा अंश उरता कामा नये, नाहीतर दोन्हींची मिळून पेस्ट होते आणि ती खोबरेलापेक्षा वाईट.

राहिलं गच्चीचं. दाराला डिस्क कुलूप होतं, ड्रॉवरच्या चकत्यांच्या कुलपाहून वेगळं. याची जात 1907 मध्ये फिनलंडमध्ये जन्मली आणि पुढे अॅब्लॉय या कंपनीच्या नावानं ओळखली गेली. यात फिरत्या चकत्या असतात आणि प्रत्येकीची खाच एका आडव्या दांडीखाली यावी लागते. चकत्यांना स्प्रिंगच नसते. ढील दिली तर काहीच परत येत नाही, म्हणजे मोजायलाही काही नाही. हत्यार वेगळं लागतं आणि ते आमच्याकडे नव्हतं. कुलपाची बाहेरची दांडी कडक पोलादाची, तिच्यावर हॅक्सॉचं पातं नुसतं घसरलं. ग्राइंडरला वीज नाही.

मग मी कोयंडा पाहिला. चार स्क्रू, चारही बाहेरून. तीन मिनिटांत कोयंड्यासकट कुलूप हातात आलं, बंदच्या बंद. काका म्हणाले, "टाकून द्या." पोरानं ते पिशवीत घातलं.