पॅसेजच्या टोकाचा आरसा

त्या घराचे 26 फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये पडून आहेत. ते मी कुठेही टाकलेले नाहीत, नव्या क्लायंटलाही दाखवत नाही. फोटो वाईट आले म्हणून नव्हे. इतके चांगले फोटो पंधरा वर्षांत मला क्वचितच मिळालेत.

हँडओव्हरचा दिवस होता. इंटिरिअर डिझायनर म्हणजे रंग निवडणारी आणि उशा मांडणारी बाई, असा लोकांचा समज असतो. खरं तर काम चालू असतानाचा निम्मा वेळ फोनवर जातो: प्लंबर आला नाही म्हणून टाइलवाला खोळंबला, टाइलवाला खोळंबला म्हणून सुतार खोळंबला. शेवटचे दोन दिवस मी हातात निळ्या टेपचं रीळ घेऊन घरभर फिरते. लॅमिनेटची कड उचललीय, बिजागरी आवळायची राहिलीय, पेंटरच्या ब्रशाचा केस भिंतीत चिकटलाय, तिथे तिथे टेपचा तुकडा. या घरात 63 तुकडे लागले होते. त्या सकाळी पाचच उरले होते, आणि अकरा वाजता फोटोग्राफर येणार होता.

आमच्या धंद्यात एक न बोललेला नियम आहे. आधी फोटो, मग माणसं. माणसं आली की चार्जरच्या वायरी येतात, औषधांचे डबे येतात, आणि ज्या कोपऱ्यासाठी तुम्ही आठवडा घातला तिथे इस्त्रीचं टेबल उभं राहतं. पण या कुटुंबाला जुन्या घराची किल्ली त्याच दिवशी द्यायची होती. त्यामुळे सकाळी नऊलाच नवरा-बायको आले, आणि त्यांच्यासोबत नवऱ्याची आई. मी त्यांना काकू म्हणायचे.

आता पॅसेजबद्दल सांगायला हवं, कारण माझा सगळा जीव त्यातच गुंतला होता.

साडेतीन फूट रुंद, बावीस फूट लांब, एकही खिडकी नाही. हॉलचे लाड होतात, बेडरूमचे होतात, पॅसेजकडे कुणी बघत नाही. मी ठरवलं होतं की या घरात लोक पॅसेजच लक्षात ठेवतील. खाली 800 × 1600 मिलिमीटरच्या चकचकीत, जवळजवळ पांढऱ्या टाइल. सांधा 2 मिलिमीटरचा, त्यात टाइलच्याच रंगाचा इपॉक्सी ग्राउट, म्हणजे फरशी अखंड वाटावी. वर अरुंद झोताचे स्पॉटलाइट, दर चार फुटांवर एक. मधोमध नऊ फुटांचा लांबट गालिचा, शाईसारखा गर्द निळा, त्यावर काळ्या आणि तपकिरी धाग्यांची इतकी बारीक नक्षी की ती जवळ गेल्यावरच दिसे. आणि टोकाला, बेडरूमच्या दारांच्या मधल्या भिंतीवर, आरसा.

तो मला एका जुन्या सामानाच्या गोदामात सापडला. मोडक्या कपाटांच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभा होता. तीन फूट बाय सहा फूट, कोरीव लाकडी चौकट, चौकटीवर ऑइलपेंटचे एकावर एक चार थर. आरशाच्या कडांना काळे-करडे डाग पडले होते. काचेमागचा चांदीचा मुलामा ओलीने खराब होत जातो आणि डाग कडेकडून आत सरकतात. (काचेवर चांदी चढवण्याची पद्धत युस्टस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने 1835 साली काढली. त्याआधी कथिल आणि पारा वापरत. गोदामवाला 'पाऱ्याचा आहे' म्हणून भाव चढवत होता, पण डागांवरूनच मला कळलं की हा चांदीचा.) नवीन आरशात असले डाग मुद्दाम पाडून विकतात आणि ते नेहमी खोटे दिसतात. हे खरे होते. थर उतरवल्यावर खाली सागाचा रंग निघाला, तेव्हा मी आणि पॉलिशवाला दोघंही गप्प उभे राहिलो होतो.

टांगायचा कसा, यावरून कंत्राटदाराशी वाजलं. "मॅडम, चार स्क्रू मारतो, हलणार नाही." काचेचं वजन सोपं असतं: जाडीच्या दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो. सहा मिलिमीटरची काच, पावणेदोन चौरस मीटरला जरा कमी, म्हणजे नुसती काच पंचवीस किलो. चौकट वेगळी. आणि भिंत हलक्या एएसी ब्लॉकची. फुगून घट्ट बसणारा साधा फास्टनर त्यात ताणला की ब्लॉकच फुटतो. तिथे केमिकल अँकर लागतो: भोक पाडायचं, आतली धूळ पंपाने फुंकून काढायची, रेझिन भरायचं, दांडा खुपसायचा, आणि ते सुकेपर्यंत हात लावायचा नाही. ही शेवटची पायरी कुठल्याच साइटवर कुणाला झेपत नाही. काच चौकटीत बसवायला कंत्राटदाराकडच्या मुलाने आणलेली सिलिकोनची नळीही मी परत पाठवली. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकोन आरशामागचा मुलामा खातं, तिथे न्यूट्रलच लागतं. ही गोष्ट मी दर साइटवर सांगते आणि दर साइटवर मुलगा व्हिनेगरवालीच नळी आणतो.

हे एवढ्या तपशिलात सांगतेय, कारण आरसा पडणार नाही याची काळजी मी किती घेतली होती ते मलाच एकदा लिहून बघायचंय.

काकूंची काळजीही घेतली होती, असं मला वाटत होतं. पहिल्या भेटीत मी एक फॉर्म भरून घेते. घरात कोण कोण, कुणाच्या काय सवयी. तिथे मुलाने सांगितलं होतं, "आईला हल्ली थोडं विसरायला होतं." डिमेन्शिया हा शब्द नंतर सुनेने फोनवर वापरला. मी फॉर्मवर 'ज्येष्ठ' या शब्दाला गोल केला आणि बाथरूममध्ये न घसरणारी टाइल, आधाराचे दांडे, उंच कमोड एवढं लिहून टाकलं. काकू त्या भेटीत तिथेच बसल्या होत्या. मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. बोलणारा मुलगा होता, पैसे देणारा मुलगा होता, आणि आम्ही बोलणाऱ्याचं घर बांधतो.

तर सकाळी नऊला सून त्यांचा हात धरून पॅसेजच्या तोंडाशी आली. "आई, तुमची खोली तिकडे." काकू चार पावलं चालल्या आणि गालिच्याच्या कडेशी थांबल्या. उजवा पाय पुढे केला, अंगठ्याने चाचपला, मागे घेतला. परत केला, परत घेतला. सुनेने हात जरा ओढला तशी त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"खोल आहे," त्या म्हणाल्या.

मुलगा हसला. मीही हसले. तो गालिच्यावर उभा राहून उड्या मारून दाखवायला लागला. "बघ आई, काही नाहीये." त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी विसरू शकलेले नाही. त्यांच्या लेखी त्यांचा मुलगा खड्ड्यावर उभा होता.

ते ओळखलं पेंटरच्या हाताखालच्या मुलाने. तो स्कर्टिंगवर टचअप करत उकिडवा बसला होता, त्यामुळे असेल कदाचित, त्याची नजर काकूंच्या पायांच्या पातळीला होती. काम चालू असताना फरशीवर अंथरतो तो भुऱ्या पुठ्ठ्याचा रोल बाहेर ठेवला होता. कुणाला न विचारता तो उठला, रोल आणला आणि गालिच्यावरून उलगडत गेला. निळा रंग झाकला गेला. काकूंनी पुठ्ठ्यावर पाय ठेवला आणि चालायला लागल्या. आठ महिन्यांच्या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे तो पुठ्ठा, जो मी दुपारी भंगारात देणार होते.

गालिचा संपल्यावर उघडी फरशी आली. तिथे स्पॉटलाइटचे झोत चकचकीत टाइलवर पडून पांढरी थारोळी झाली होती. मला तो परिणाम फार आवडला होता. काकूंनी पायाशी आलेला कपडा दोन बोटांनी वर धरला आणि टाचा उचलून, ओल्यातून जातात तशा, कडेकडेने गेल्या.

त्या रात्री मी वाचत बसले. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा रंग आधी गिळतं. साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. काकू तर साठीच्याही बऱ्याच पुढे. माझा शाईसारखा निळा त्यांना काळा दिसत होता, नक्षी दिसतच नव्हती, आणि मेंदूला 'हा गालिचा आहे' हे आठवत नसेल तर पांढऱ्या जमिनीतला काळा आयत म्हणजे दुसरं काय असणार? पेंटच्या शेडकार्डवर रंगामागे बारीक अक्षरात एलआरव्ही हा आकडा छापलेला असतो, रंग किती प्रकाश परत फेकतो त्याचा: काळ्याचा शून्याकडे, पांढऱ्याचा शंभराकडे. ब्रिटिश मानक बीएस 8300 सांगतं की भिंत आणि फरशी, आधाराचा दांडा आणि त्यामागची भिंत, यांच्यात 30 अंकांचा फरक हवा म्हणजे कमी दिसणाऱ्याला ते वेगळे कळतात. फरशीला लागून फरशी असेल तर उलट, आकडे होतील तितके जवळ हवेत. मी दोन्हीकडे नेमकं उलटं केलं होतं. जमिनीवर पांढऱ्याशेजारी काळं, आणि बाथरूममध्ये पांढऱ्या टाइलवर पांढरे दांडे, पांढरा कमोड, पांढरी सीट. 'क्लीन लुक'. दांडे होते, फक्त काकूंना ते दिसत नव्हते. शेडकार्ड माझ्या बॅगेत रोज असतं.

पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं, आणि झालंही. गालिचा परत गेला, दिव्यांना दुधी काच लागली, टाइलवर मॅट व्हिनाइल आलं, सीट आणि दांडे गर्द निळे... नाही, गर्द लाल आले. आरशाचं मात्र मला अजून उलगडत नाही.

त्या सकाळी काकू पॅसेजच्या टोकाला पोचल्या आणि आरशासमोर थांबल्या. आम्ही सगळे श्वास धरून. त्यांनी समोरच्या बाईकडे नीट पाहिलं आणि चेहरा उजळला.

"तू कधी आलीस?"

मग त्या बोलत राहिल्या. प्रवास कसा झाला, मुलं कुठे आहेत. मधे थांबायच्या, ऐकल्यासारखं करायच्या, मान हलवायच्या. सुनेने माझ्याकडे पाहिलं. "इतकं सलग त्या महिनाभरात बोलल्या नाहीत," ती हळूच म्हणाली.

अकराला फोटोग्राफर आला. आता फोटोंचं सांगते. मी पुठ्ठा काढला. गालिचा झटकून सरळ केला, काकूंना त्यांच्या खोलीत बसवलं आणि दार लावलं, कारण दार उघडं असलं की आरशात पलंग दिसत होता. चाळीस मिनिटं. आतून दोनदा टकटक झाली. मी म्हणाले, "काकू, दोनच मिनिटं." फोटोग्राफरने पॅसेजचा जो फोटो काढला आहे त्यात आरसा, झोत, निळी पट्टी, सगळं जसं मी मनात पाहिलं होतं तसं आहे.

आठवड्याने मुलाचा फोन आला. रात्री काकू बाथरूमला उठल्या. पॅसेजमध्ये मी मोशन सेन्सर लावला होता, त्यामुळे दिवा आपोआप लागला, आणि समोर एक अनोळखी बाई उभी. त्या किंचाळल्या, मागे सरताना दाराच्या चौकटीवर आपटल्या. सुदैवाने खरचटण्यावर निभावलं. "आरसा काढून टाका," मुलगा म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. अशा घरात आरसे काढा किंवा झाका, हेच सगळीकडे सांगतात. पाच मिनिटांनी सुनेचा फोन, त्याच्या नकळत. "दिवसा त्या खुर्ची घेऊन तिथे बसतात. तासभर. त्या तासात मी माझं काम करू शकते. काढू नका ना."

दोघांचं बरोबर, आणि आरसा एकच. शेवटी मी भिंतीच्याच रंगाचा रोलर ब्लाइंड बसवायचा ठरवला. दिवसा वर, दिवेलागणीला खाली. पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. माणूस न पाठवता स्वतः गेले.

ड्रिल चालू असताना काकू खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होत्या. ब्लाइंड बसला, मी चालतो का बघायला साखळी ओढली. पडदा खाली यायला लागला तशा त्या खुर्चीतून पुढे वाकल्या, मग आणखी वाकल्या, गुडघ्यांवर हात टेकून, समोरची बाई दिसत राहावी म्हणून. शेवटी वीतभर फट उरली. मग तीही मिटली.

त्यांनी मान वर करून मला विचारलं, "आता ही रात्री कुठे झोपणार?"

मी स्टूलवर चढून ब्रॅकेटचा स्क्रू आवळायला लागले. तो आधीच आवळलेला होता.