मोरी, शेपा आणि साठ मिली

फोंड्याच्या बाजारात सुंगटं घ्यायला गेले होते. लेक छातीशी बांधलेली, तीन महिन्यांची. मासेवालीने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दर सांगायच्या आधीच विचारलं, "दूद पावता मगो भुरग्याक?"

दूध पुरतं का? गोव्यात उतरल्यापासून हा प्रश्न मी किती वेळा ऐकला, ते मोजणं चौथ्या दिवशी सोडलं. शेजारच्या काकी, आईच्या भजनी मंडळातल्या बायका, गॅस सिलिंडर आणणाऱ्याची बायको. आम्ही राहतो त्या नेदरलँड्समधल्या उत्रेख्तमध्ये हे मला कुणी विचारलं नाही. तिकडे शेजारीण फार तर पाळण्यात डोकावून "किती गोड" म्हणते आणि सायकलवर बसते. हा सभ्यपणा की परकेपणा, याचा निकाल माझ्या मनात रोज वेगळा लागतो.

तर, नाही पुरत. प्रसूतीत एक लिटरहून जास्त रक्त गेलं. इतकं रक्त गेलं की दूध उतरायला उशीर होऊ शकतो, काही जणींचं पूर्ण भरतच नाही. माझा पान्हा पाचव्या दिवशी फुटला आणि तोही हात राखून. तोवर ३१०० ग्रॅमची मुलगी २७९० वर आली होती. दहा टक्के घट म्हणजे वाट बघायची वेळ संपली.

त्या दिवसांत आमच्या घरी क्रामझोर्ख होती. याबद्दल मला जरा जास्तच लिहायचंय. तिकडे बाळंतीण घरी आली की पहिले आठ-दहा दिवस एक प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते. बरेचसे पैसे विमा भरतो, तासाला काही युरो आपले. तिच्या पाठीला त्रास नको म्हणून पलंगाखाली ठोकळे लावून तो उंच करून ठेवावा लागतो. नवरा तेव्हा वैतागला होता. ही बाई बाळाला वजनकाट्यावर ठेवते, ओले लंगोट मोजते (पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा तरी हवेत), संडास घासते आणि पाहुण्यांना चहाही देते. तिने मला बाळ कसं धरायचं ते दाखवलं, नुसतं टोक नाही, काळा भाग पण तोंडात जायला हवा. आणि घट दिसल्यावर आवाज न चढवता म्हणाली, आधी अंगावर, मग बाटलीतून पावडरचं दूध साठ मिली, मग पंपाने दूध काढायचं. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. कारण स्तन जितके रिकामे होतात तितकं दूध बनतं, आणि दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं.

त्या पंपातून पहिल्यांदा पंचवीस मिली आलं होतं. दोन्हीकडचं मिळून. मी बाटली दिव्यासमोर धरून बघत बसले होते.

आई तेव्हा फोनवर. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं तर ही वेळ आली नसती." मी तिला किती वेळा सांगितलं, विमा तिकडचा, सातव्या महिन्यानंतर विमानात बसायचं म्हणजे कटकट, नवऱ्याची रजा. सगळं खरं आहे. पण ते मी आईला पटवत होते की स्वतःला, कोण जाणे. रक्त फोंड्यातही तेवढंच गेलं असतं.

बाळंतपणाच्या रजेच्या बाबतीत मात्र मी तिकडची बाजू घेणार नाही. आपल्याकडे कायद्याने २६ आठवडे, तिकडे १६, आणि त्यातले चार-सहा प्रसूतीच्या आधीच संपतात. त्या प्रगत देशाने इथे आपल्याकडून शिकावं. (पंप करायला कामाच्या वेळातला चौथा हिस्सा नऊ महिने पगारी मिळतो, हेही सांगायला हवं. नको वाटतंय, पण सांगते.)

बाळ झाल्यावर डच लोक टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेसारख्या गोळ्या घालून खातात, मुलगी असेल तर गुलाबी-पांढऱ्या. का, तर आत ॲनिस असतं आणि त्याने दूध वाढतं अशी जुनी समजूत. मी हसत सुटले. आईने कुरियरने पाठवलेल्या बाळंतशेपा तेव्हा ओट्यावरच होत्या.

इथे आल्यावर पथ्याचा कारखाना सुरू झाला. उकड्या तांदळाची पेज, अळिवाची खीर, मेथ्यांचे लाडू, शेपा. आणि बाजारातला तो सल्ला: "मोरी व्हर गो. दूद येतलें." मोरी म्हणजे शार्क मासा, तो ने, दूध येईल. मी तिथे पाऱ्याचं काढलं. मोरी दुसरे मासे खाते, तिच्या अंगात पारा साठतो, म्हणून तिकडे अंगावर पाजणाऱ्यांना शार्क टाळायला सांगतात. मासेवालीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी वाक्य अर्ध्यात सोडलं. मोरीच्या एका छोट्या जातीचं इंग्रजी नावच मिल्क शार्क आहे, आणि ते आपल्याकडच्या याच समजुतीवरून पडलंय, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी तिच्यापुढे आणखी गप्प बसले असते. आईने मोरी आणलीच. मी एकदा खाल्ली. दुसऱ्या दिवशी पंपात चाळीस आलं. रात्री मुलगी पाच तास झोपली होती, म्हणून आलं असणार, पण आईला मी हे कारण सांगितलं नाही.

पावडरच्या डब्याशी आईचं पहिले आठ दिवस वैर होतं. डब्यावर लिहिलेलंच असतं ना, आईचं दूध सर्वोत्तम. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने ते छापावंच लागतं, डब्यावर बाळाचा फोटोही चालत नाही. डच डब्यावरही तीच तंबी असते. दिवसातून चार वेळा झाकण उघडताना मी ती वाचते. काकी परवा डबा बघून म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." आई म्हणाली, "तुमच्या थोरल्याला गाईचं दूध पाणी घालून दिलेलं, मी बघितलंय."

मी आईकडे बघत राहिले. ती चहात साखर घालत होती.

काल रात्री तीन वाजता उठले तर स्वयंपाकघरात दिवा. आईने पाणी उकळून निववून ठेवलेलं, आणि चमच्यातली पावडर सुरीने सपाट करत होती, जशी मी करते तशी. मागे न बघता तिने विचारलं, "साठ की नव्वद?"