दाराशी सह्याद्री असताना तिकडं गाईडला पैसे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमधलं कुणी ना कुणी हे विचारतंच, की अहो काकू, न्यूझीलंडला एका दिवसाच्या ट्रेकला गाईड कशाला केलात, वाटेवर खुणा असतात ना?

असतात की. टोंगारिरो क्रॉसिंगची वाट चुकण्यासारखी नाहीच, मान्गातेपोपोकडनं चढायचं आणि पलीकडं केतेताहीला उतरायचं, साधारण 20 किलोमीटर, आम्हाला साडेआठ तास लागले. लेक ऑकलंडला असते, तिनं बुकिंग केलं तेव्हा मीपण हेच म्हणाले होते.

पण रेड क्रेटरवर पोचलो, 1886 मीटर, वाटेवरची सगळ्यात उंच जागा, वारा असा की सॅकसकट ढकलत होता, तेव्हा गाईड मुलीनं खाली बसवलं आणि म्हणाली जमिनीला हात लावा. कोमट होती हो जमीन! समोर लालभडक कडा, त्यात एक अर्धी पोकळ नळी, ती म्हणाली लाव्हा ह्याच वाटेनं वर यायचा. आपला सह्याद्री लाव्हाचा हे शाळेत शिकलो आपण, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली, कातळ गार पडलाय, बघून तसं वाटतच नाही. इथं वाफ निघत होती, गंधकाचा वास येत होता. शेजारचा न्गाउरुहोए ज्वालामुखी 1975 ला फुटलेला, म्हणजे मी शाळेत होते तेव्हा. आणि 2012 च्या ऑगस्टमध्ये टोंगारिरोच्याच उत्तर अंगानं दगड उडाले ते केतेताहीच्या हटचं छप्पर फोडून आत पडले.

तिथनं खाली एमराल्ड लेक्सपर्यंत नुसता घसारा. आपल्याकडचा मुरूम बरा, टाच रोवत उतरायचं तिनं शिकवलं म्हणून गुडघे वाचले. पाणी हिरवंगार, वरच्या गरम खडकातली खनिजं उतरतात म्हणून. मी हात घालायला वाकले तर तिनं हळूच थांबवलं. पुढं ब्लू लेकला तर काठावर खायचंसुद्धा नाही, म्हणून लेकीनं पहाटे केलेली चपाती आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही बरंच पुढं जाऊन खाल्ली.

खाताना गाईडनं सांगितलं की न्गाती तुव्हारेतोआ ह्या माओरी लोकांना हे डोंगर म्हणजे पूर्वज. त्यांचे प्रमुख ते हेउहेउ तुकिनो ह्यांनी 1887 मध्ये ही शिखरं देशाच्या हवाली केली आणि त्यातनं तिथलं पहिलं नॅशनल पार्क झालं. शिखराच्या माथ्यावर चढू नका अशी त्यांची विनंती असते, पाण्याला हात लावू नका ते त्यातलंच.

हे मला खुणेच्या खांबानं सांगितलं नसतं, म्हणून गाईड. जाणार असाल तर घ्याच, पायात चांगले बूट घाला, आणि ते इथनंच घासून धुऊन न्या, विमानतळावर तळव्याची माती तपासतात.

मग त्या गाईड मुलीनंच विचारलं, तुमच्याकडं असं पवित्र मानून जपलेलं काही असतं का? मी लेकीकरवी देवराई सांगितली, तिथली वाळकी काटकीपण चुलीला आणायची नाही, म्हातारी माणसं अजून पाळतात. ती थांबली, शब्द परत विचारून घेतला, आणि पार केतेताहीच्या पायऱ्या उतरेपर्यंत मधनंच म्हणून बघत होती, दे-व-रा-ई, बरोबर ना?