बालगंधर्वांच्या तबकड्या: घसरता षड्ज आणि ऑर्गनची साक्ष

'स्वयंवर'मधल्या पदाच्या तबकडीचे कोडे अखेर निम्मे सुटले. मिनिटाला ७८ फेऱ्यांवर लावली की पहिल्या ओळीत भक्कम असलेला षड्ज (सा) तिसऱ्या मिनिटापर्यंत खाली घसरत होता. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातल्या बालगंधर्वांच्या रुक्मिणीचा सूर असा ढळेल, हे मनाला पटत नव्हते. म्हणून या वेळी स्वरांच्या आलेखावर गळा सोडून मागच्या ऑर्गनचाच एक स्वर धरला, तर तोही नेमका तितकाच उतरत गेलेला आढळला. ऑर्गनचा सूर गाणे चालू असताना उतरत नाही. म्हणजे दोष मुद्रणयंत्राचा: खाच कोरणारी खोदसुई आतल्या वर्तुळांकडे येते तसा तिचा अडथळा कमी होतो, यंत्र किंचित वेग घेते आणि आपण स्थिर वेगाने ऐकतो तेव्हा सूर पडलेला वाटतो. तो उतार उलटा लावून दुरुस्त केल्यावर शेवटची तान जागेवर बसली, आणि ती मी पुन्हा पुन्हा ऐकली.

मूळ वेग मात्र अजून सापडत नाही. साडेचार फेऱ्यांच्या फरकाने पट्टी जवळजवळ एका घराने (अर्ध्या स्वराने) बदलते, आणि त्या काळचे ऑर्गन आजच्या ठरावीक सुराला लावलेले असतील असे धरून चालता येत नाही.

सुईबद्दल माझे मत ठाम आहे: एलपीची बारीक सुई 'चालून जाते' म्हणणाऱ्या विक्रेत्याचे ऐकू नये, ती लाखेच्या जुन्या तबकडीच्या रुंद खाचेत तळाशी लोळते आणि फक्त खरखर उचलते. अल्कोहोलने तर पुसूच नये, लाख विरघळते.

'मानापमान'ची तबकडी पुढे घ्यायची ठरवली होती, पण हे लिहिताना 'धर्मात्मा' आठवला. प्रभातच्या या १९३५ सालच्या बोलपटात नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, स्त्रीभूमिका सोडून संत एकनाथ झाले, आणि बोलपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी असा बांधलेला असल्याने तिथली पट्टी विश्वासार्ह मिळते. दूरचित्रवाणीसाठी २५ चौकटींवर उतरवलेली प्रत मात्र ४ टक्के वेगवान असते, म्हणून आधी प्रतीची लांबी तपासावी लागेल. एकाच गायकाची पट्टी पदागणिक बदलू शकते हे खरे, तरी तारसप्तकात त्यांचा गळा कोठवर सहज जातो याची मर्यादा त्यातून कळेल आणि तबकडीच्या वेगाचे निदान एक टोक तरी पक्के होईल. 'मानापमान' तोवर थांबेल.