पत्र्याच्या पेटीतलं वाचनालय

आमची आजी ग्रामशिक्षण मोहिमेतली साक्षर. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ही मोहीम निघाली आणि गावोगाव प्रौढांचे वर्ग भरू लागले. आजी कंदिलाच्या उजेडात मुळाक्षरं शिकली, अंगठा जाऊन सही आली, गाव साक्षर झालं म्हणून ग्रामगौरव समारंभही थाटात झाला. पण पुढं वाचायचं काय? घरात छापील म्हणावं असं एक पंचांग. मी सातवीत आलो तोवर तिची सही तेवढी उरली होती. मुंबईला गिरणीत असलेल्या काकांचं पत्र आलं की ती ते माझ्यापुढं धरायची.

ज्या आपल्या शाळेचा आता अमृतमहोत्सव आहे, तिथं तेव्हा वर्गाच्या कोपऱ्यात पुस्तकांची पत्र्याची पेटी असायची. शनिवारी सकाळची शाळा सुटताना बाई ती उघडायच्या. वहीत नाव लिहायचं, पुस्तक न्यायचं. सोमवारी पान दुमडलेलं दिसलं तर कान पिरगळला जायचा. त्यात नवसाक्षरांसाठी छापलेली मोठ्या टाइपाची पातळ पुस्तकं होती. पोरं त्यांना हात लावत नसत, म्हणून ती कोरी करकरीत. मी एक आजीसाठी मागितलं. बाईंनी काही न विचारता वहीत माझ्या नावापुढं ‘आजी’ असं लिहिलं.

पुस्तक शेळीपालनाचं निघालं. आजी ओळीवर बोट ठेवून वाचायची कमी आणि लिहिणाऱ्याशी भांडायची जास्त. “राखल्यात का कधी ह्यानं शेरडं?” जोडाक्षरापाशी बोट थांबायचं, पण पुस्तक काही खाली ठेवायची नाही. मग दुसरं आणलं, तिसरं आणलं. दिवाळीच्या सुमारास काकांचं पत्र आलं ते तिनं स्वतः फोडलं, उंबऱ्यात बसून वाचलं आणि घडी घालून ट्रंकेत ठेवून दिलं. त्यात काय होतं ते आम्हां कुणाला आजवर कळलं नाही.

पुढं नोकरीमुळं बडोद्यात राहिलो. सयाजीराव महाराजांनी तिथं १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं केलंच, पण १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून गावोगावी वाचनालयांची घडी बसवली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांतून फिरवल्या. शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेलं विरून जातं, हे राजाला कळलं होतं. केरळ १९९१ मध्ये संपूर्ण साक्षर जाहीर झालं; तिथं ग्रंथालयांची चळवळ १९४५ पासून संघटितपणे चालू होती. आपल्याकडं मात्र ८ सप्टेंबरला साक्षरता दिन आला की किती जण शिकले याचे आकडे झळकतात. त्यांच्या हाती पुढं काय पडलं, हे विचारायचं राहूनच जातं.

शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वारावर कमान उभी राहणार असं ऐकतो. जरूर राहू दे. माझी देणगी तेवढी पुस्तकांसाठी धरावी. कपाटाला काचा चालतील, कुलूप नको. मुलांबरोबर घरच्यांच्या नावावरही पुस्तकं जाऊ द्यावीत, फाटली तर फाटू द्यावीत. नव्या पुस्तकांचे पैसे मी दर जूनला पाठवत जाईन.