‘कारण’ नावाचा रकाना

सात वर्षं मी लोकांना सांगत आलो की शेअर बाजारात माझं बरं चाललंय. खोटं बोलतोय असं कधी वाटलंच नाही, कारण हिशोबच तसा ठेवला होता. जे शेअर विकले त्यांचा नफा मोजायचा आणि जे तोट्यात पडून आहेत त्यांना ‘लॉन्ग टर्म’ म्हणायचं. ‘विकला नाही तर तोटा कसला?’ हे वाक्य मी नवख्यांनाही ऐकवलंय. त्याची आता लाज वाटते.

मागच्या वर्षी एका सुट्टीत ब्रोकरकडचं सुरुवातीपासूनचं सगळं स्टेटमेंट उतरवून घेतलं आणि एक्सेलमध्ये बसवायला घेतलं. एका दुपारचं काम वाटलं होतं, तीन आठवडे लागले. तारीख, भाव, संख्या हे सगळं भराभर झालं. अडलं ते पुढच्या रकान्यापाशी. त्याचं नाव ‘कारण’. हा शेअर मी का घेतला होता?

एका कंपनीपुढे मी ऐटीत लिहिलं: पीई (शेअरचा भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या किती पट, तो आकडा) कमी, क्षेत्राला चांगले दिवस येणार. मग सहज म्हणून त्या तारखेचे व्हॉट्सॲप मेसेज काढून पाहिले. खरेदीच्या सकाळी मित्राला लिहिलं होतं, ‘तू घेतलास ना? मग मीपण घेतो.’ एवढंच. पीई मी पाहिला तो दोन महिन्यांनी, भाव पडल्यावर, स्वतःची समजूत घालायला. आणि तरी मनात मात्र अभ्यास करून घेतल्याची आठवण अगदी पक्की होती! तेव्हापासून रकाने दोन केले: ‘आज वाटणारं कारण’ आणि ‘तेव्हाचं कारण, पुराव्यासकट’. ४१ खरेद्यांपैकी १७ ठिकाणी दुसरा रकाना कोराच राहिला. नऊ ठिकाणी कुणाचं तरी नाव आलं.

मित्राच्या मागे जाऊन घेतलेल्या त्या कंपनीने सगळ्यात जास्त मारलं, म्हणून तिच्यावर दोन रात्री काढल्या. पहिल्या खरेदीचा भाव १०० धरू आणि तेव्हा घातलेले पैसेही १०० धरू. भाव ७० वर आला तेव्हा तितकेच शेअर आणखी घेतले, म्हणजे ७० घातले. ४५ वर आला तेव्हा दुप्पट घेतले, म्हणजे ९०. सरासरी भाव १०० वरून ६५ वर आला आणि मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. ॲपवर दिसणारा तोट्याचा टक्काही लगेच कमी झाला ना! पण एका बुडत्या जागी अडकलेले पैसे १०० चे २६० झाले होते, तो आकडा मी कधी पाहिलाच नव्हता. शेवटी भाव २२ वर आला तेव्हा २६० चे ८८ उरले. तोटा १७२. पहिल्या खरेदीनंतर थांबलो असतो तर ७८ गेले असते. आता मुद्दल परत यायचं तर भाव जवळजवळ तिप्पट व्हायला हवा.

मग तिचे वार्षिक अहवाल उघडले, पहिल्यांदाच. नफ्याच्या ओळीत दरवर्षी वाढ होती. रोख प्रवाहाच्या पानावर मात्र धंद्यातून येणारी रोकड सलग तीन वर्षं उणे. विक्री दाखवली जात होती, ग्राहकांकडची येणी फुगत होती आणि मधली तूट कर्जाने भरून काढली जात होती. हे समजायला सनदी लेखापाल लागत नाही. ते पान मी खरेदी करायच्या आधीही तिथेच होतं.

एवढं झाल्यावर वाटलं होतं, तोट्याच्या लाल ओळी संपल्या की सुटलो. पण हिरव्या ओळींनी जास्त छळलं. चांगले शेअर मी १५-२० टक्के नफा दिसला की विकून टाकले होते, आणि त्यातले काही नंतर कितीतरी पट झाले. टेरन्स ओडीन या अभ्यासकाने एका अमेरिकी ब्रोकरकडची १०,००० खाती तपासून १९९८ साली हेच दाखवलं होतं. माणसं नफ्यातले शेअर चटकन विकतात आणि तोट्यातले धरून बसतात. शिवाय विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या तोट्यातल्यांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले. हे वाचून धीर आला, मग थोडा अपमानही वाटला. माझी चूक निदान माझी स्वतःची असेल असं वाटलं होतं.

शेवटची बेरीज सगळ्यात जास्त टाळली. प्रत्येक वेळी घातलेले पैसे त्याच तारखेला साध्या निर्देशांक फंडात (निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवणाऱ्या फंडात) टाकले असते तर काय झालं असतं, हे काढलं. तारखा वेगवेगळ्या असल्यामुळे एक्सआयआरआर, म्हणजे अशा पैशांचा वर्षाचा परतावा काढणारं एक्सेलमधलं सूत्र, लावावं लागतं, पण ते सोपं आहे. माझा परतावा वर्षाला ३ टक्के, फंडाचा ११. सात वर्षं रोज सकाळी भाव बघण्याची ही मजुरी.

मग बायकोला सांगायचं होतं. पैसे दोघांचे होते. मी म्हणालो, ‘त्या एका कंपनीत ६६ टक्के गेले.’

ती म्हणाली, ‘टक्क्यांत नको सांगूस. किती?’

मी बाजार, मंदी, व्याजदर असं काहीबाही बोललो. तिने परत विचारलं, ‘किती?’ मी आकडा सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आज ते उरलेले पैसे हातात असते तर हाच शेअर घेतला असतास?’ या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर होतं, आणि तरीही विकायला आणखी नऊ दिवस घेतले. भाव ३० झाला की विकू, असं चाललं होतं. ३० च का, ते विचारू नका. शेवटी २१ ला विकला.

तीन आठवड्यांनी तो शेअर २५ वर गेला. संध्याकाळी मीच तिला सांगितलं. तिने विचारलं, ‘आता परत घेणार आहेस का?’ एक्सेल उघडं होतं. मी ‘कारण’च्या रकान्यात कर्सर नेला, थोडा वेळ तसाच बसलो आणि फाइल बंद केली.